कानवाल्या बाई

बाईंशी बोलताना त्यांचं बोट कधी वर जाईल याचा नेम नसे. उजव्या हाताचं पहिलं बोट वर गेलं की समोरच्यानं गप्प व्हायचं, मग तो कितीही महत्त्वाचं सांगत असो. माझा मेव्हणा एकदा त्यांना आपल्या हर्नियाच्या ऑपरेशनची हकीकत सांगत होता. भुलीच्या इंजेक्शनपर्यंत आला आणि बोट वर गेलं. मागच्या आंब्याखाली सातभाई पाखरांचा थवा कलकलाट करत होता. बाई डोळे मिटून ऐकत राहिल्या. पाखरं उडून गेली तेव्हा बोट खाली आलं आणि त्या म्हणाल्या, "हं, भूल दिली. पुढे?" मेव्हण्याला पुढचं काही सांगावंसंच वाटेना. तो चहा पिऊन निघून गेला आणि नंतर कित्येक महिने आमच्याकडे यायचं असलं की आधी फोन करून विचारायचा, "त्या कानवाल्या बाई आहेत का घरी?"

हे नाव त्यांना आमच्या गावानं दिलं होतं. गळ्यात मोठाले हेडफोन, हातात केसाळ बोंड लावलेला मायक्रोफोन आणि पायात पुरुषी बूट, अशा त्या वाडीवाडीतून फिरत. वय पंचावन्नच्या पुढे. पुण्याच्या एका संस्थेत भाषा कशी जन्माला आली याचं संशोधन करायच्या. थंडीपुरती खोली हवी म्हणून आमच्याकडे आल्या, कारण तारापूरच्या अलीकडे आमची जी चिकूची वाडी आहे तिच्यात सातभाईंचे दोन थवे कायमचे राहायला होते. थंडी संपली, उन्हाळा गेला, पाऊस गेला, बाई राहिल्याच. माडीवरची खोली 'बाईंची खोली' झाली आणि माझी बायको ताट वाढताना न विचारता एक जास्तीचं घेऊ लागली.

पहिल्याच दिवशी आईनं त्यांना विचारलं, "तुमी करता काय?"

"पाखरांच्या बोलण्याचा अभ्यास करते."

"त्यात काय अभ्यासायचं? ती भांडतात."

"तेच बघायचंय आजी, भांडतात की काही सांगतात."

आईला हे उत्तर आवडलं. तेव्हापासून ती पाखरं ओरडली की स्वयंपाकघरातूनच बाईंना हाक मारून कळवायची. पुष्कळदा ते कावळे असत. बाई तरीही खाली येऊन ऐकून जात.

त्यांचे प्रयोग बघण्यासारखे असत. जुन्या छत्रीचं काळं कापड कापून त्यांनी एक घार शिवली होती. दोन माडांच्या मध्ये तार बांधून ती घार थव्यावरून सरकवायची, असा बेत. दोरी ओढायचं काम माझ्याकडे. मी हायस्कुलात मराठी शिकवणारा माणूस, रविवारी सकाळी लुंगी खोचून माडाखाली छत्रीचं कापड ओढत बसायचो आणि रस्त्यानं जाणारे पालक मला नमस्कार करायचे. घारीची सावली पडली की थव्यातला एखादा पक्षी बारीक, लांबट शीळ घाली आणि सगळे झुडपात पडत. मांजर दिसलं तर मात्र वेगळा, खरखरीत आवाज. तेव्हा कुणी लपत नसे, उलट सगळे गोळा होत. बाईंनी हेच आवाज यंत्रावर वाजवून दाखवले. ना घार, ना मांजर, नुसता आवाज. पाखरं आवाजाप्रमाणे लपली नाहीतर जमली. मी थक्क झालो. म्हटलं, "म्हणजे यांना शब्द आहेत."

"शब्दासारखं काहीतरी आहे," बाई म्हणाल्या. "पण सर, यांना 'घार' म्हणता येतं. 'काल घार आली होती' म्हणता येत नाही. त्या 'काल'पाशी माणूस वेगळा झाला. समोर नाही त्याबद्दल बोलायचं हे त्याला कुठून सुचलं, एवढं कळलं तरी मला पुरे."

माझ्या धंद्याशी मात्र त्यांचं पटत नसे. संध्याकाळी ओसरीवर माझी शिकवणी चाले. एखादी मुलगी म्हणायची, "सर, मी काल आलू नाय." मी म्हणायचो, "नाय नव्हे, नाही." जिन्यावरून आवाज यायचा, "सर, तिचं वाक्य पुरं झालं होतं. तुम्ही कशाला ठिगळ लावलंत?" मुलं खुशीत हसायची. मी वर जाऊन भांडायचो की परीक्षेत 'नाय' लिहिलं तर मार्क कोण देईल. बाई म्हणायच्या, "परीक्षेसाठी शिकवा ना. पण चुकलं म्हणून शिकवू नका. एक नवा शर्ट दिला म्हणून सांगा, जुना काढून टाकायला सांगू नका." या वादाचा निकाल कधी लागला नाही. लावायची आम्हा दोघांनाही घाई नव्हती.

बाईंना सुके बोंबील अतोनात आवडत. पुण्यात त्यांचा घरमालक वासावरून भांडायचा, त्यामुळे आमच्याकडे आल्यावर त्यांनी सगळी उधारी वसूल केली. आमच्या घरचे संपले म्हणून एकदा मी त्यांना घिवलीला घेऊन गेलो. गावाच्या टोकाला जमनाबाय नावाची एक बाई चांगला माल देत असे. ती अंगणात बांबूच्या वलांडीवरून वाळलेले बोंबील काढत होती आणि पडवीत तिची थोरली बहीण बसली होती. गाव तिला मुकी म्हणायचं. जन्मतःच ऐकू येत नव्हतं. मी भाव कमी करायला लागलो आणि शेजारी बघितलं तर बाईंचं बोट वर गेलेलं.

मला काही ऐकू आलं नाही. लाटांचा आवाज तेवढा होता. बाई त्या दोघी बहिणींच्या हातांकडे बघत होत्या.

थोरलीनं हनुवटीवर बोट ओढलं, हात खांद्यावरून मागे टाकला, मग तळवा आडवा धरून हळूच खाली नेला. जमनाबायनं मान हलवून हातांनीच काहीतरी उलट विचारलं. थोरली हसली. हे सगळं बोंबील मोजता मोजता चाललं होतं.

"काय म्हणाली ती?" बाईंनी विचारलं.

"काय नाय. कालच्या भरतीला आमच्या दादाची आठवण आली म्हणते. त्याच्या हनुवटीला खोक होती. तो दर्यात गेला."

"हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

"कोन शिकवनार? ल्हानपनापासून आमी दोगी असंच बोलतो. आई-बापाला थोडं कलायचं. आता मीच."

घरी येऊन पाहिलं तर बोंबिलाची पिशवी आम्ही तिथंच विसरून आलो होतो.

दुसऱ्या दिवसापासून घिवली सुरू झालं. मुकीला नाव आहे का, हा बाईंचा पहिला प्रश्न. नाव नर्मदा होतं. शाळेचं तोंड तिनं पाहिलं नव्हतं. बहिऱ्या मुलांची शाळा असते हेही त्या घराला माहीत नव्हतं. दोन बहिणींनी गरजेपुरत्या खुणा करता करता एक आख्खी भाषा उभी केली होती आणि ती बोलणारी माणसं जगात दोन. बाई कॅमेरा लावून बसायच्या आणि जमनाबाय निवडणं-टिपणं करता करता अर्थ सांगायची. डॉक्टर म्हणजे दंडावर टोचलेली सुई. भाचा म्हणजे त्याची डावीकडे झुकून चालायची ढब. पाखरांमध्ये आयुष्यभर शोधलेला 'काल' इथं खांद्यावरून मागे टाकलेल्या हातात होता, आणि 'परवा'साठी तोच हात दोनदा जायचा. बाई घरी येऊन बायकोला ते करून दाखवायच्या तेव्हा त्यांचा चेहरा शाळेत पहिलं बक्षीस मिळालेल्या मुलीसारखा व्हायचा.

त्या ती भाषा शिकूही लागल्या. नर्मदा कडक शिक्षिका होती. बाईंचं बोट जरा वाकडं पडलं की ती पुढे येऊन ते धरून सरळ करी, कधी चापटही मारी. एकदा बाईंनी मोठं वाक्य करून दाखवलं आणि दोघी बहिणी पोट धरून हसल्या.

"काय चुकलं?"

"चुकलं नाय," जमनाबाय म्हणाली. "ती म्हणते तुमी बोबडं बोलता. ल्हान पोर बोलतं ना, तसं."

"सांगा तिला, अजून लहानच आहे मी या भाषेत. मोठी व्हायला वेळ लागेल."

तो वेळ मिळाला नाही. त्या वर्षी दिवाळीनंतर जमनाबाय सकाळी बाजारात माल घेऊन गेली आणि टोपलीशेजारीच कोसळली. बोईसरच्या दवाखान्यात नेईपर्यंत संपली होती. नर्मदेला ते सांगायचं कुणी, हा प्रश्न आला तेव्हा गावानं बाईंना बोलावलं. बाई माझ्याबरोबर गेल्या. प्रेत अंगणात आलेलं होतं, सांगायला तसं काही उरलं नव्हतं. नर्मदा प्रेताजवळ बसून बहिणीचे हात हातात घेऊन हलवत होती. मग तिनं बाईंकडे बघून भराभर काहीतरी विचारलं. खूप मोठं, न थांबता. बाईंना त्यातलं 'काल' कळलं, 'टोपली' कळली. बाकीचं नाही. त्यांनी दोन्ही हात वर केले आणि तसेच खाली सोडले.

बहिणींचा भाचा हरेश एका कारखान्यात पाळीवर कामाला होता आणि सालवडला एका खोलीत बायकोमुलांसह राहायचा. तो नर्मदेला तिकडे घेऊन गेला. माणूस प्रेमळ, बायकोही तशीच. आत्याला दुपारची झोप, खायला ताजं मासळीचं कालवण, टीव्हीसमोरची जागा, सगळं दिलं. शेजारपाजारचे कामगार तिला हिंदीत 'अम्माजी' म्हणत आणि जोरजोरात बोलत, मोठ्यानं बोललं की तिला ऐकू येईल असं वाटून. पण तिच्याशी कुणाला बोलता येत नव्हतं. जेवायचं, झोपायचं, आंघोळ, एवढ्यापुरतं चालायचं. बाई आठवड्यातून एकदा सालवडला जाऊन तिच्यासमोर बसत आणि आपलं बोबडं बोलत. नर्मदा सावकाश, सोपं करून उत्तर देई, आपण पाहुण्याच्या लेकराशी बोलतो तसं.

संक्रांतीच्या सुमाराला हरेशचा फोन आला. "बाई, आत्या कायतरी सांगते. सारखं तेच सांगते. जेवन पन सोडलं. आमाला नाय कलत, तुमी या."

आम्ही गेलो. नर्मदा भिंतीला टेकून बसली होती. बाईंना बघताच तिचा चेहरा उजळला. तिनं डाव्या मनगटावर उजव्या हाताची दोन बोटं ठेवली, कोपरापर्यंत वर नेली, मग मूठ करून छातीजवळ आणली आणि उघडली. पुन्हा तेच. बाई बघत राहिल्या. त्यांनी विचारलं, दुखतं का? नाही. भूक? नाही. बहीण? नर्मदा थांबली, हो-नाही काहीच न म्हणता पुन्हा मनगटावर बोटं ठेवली.

बाईंनी घरी येऊन सगळी रेकॉर्डिंगं काढली. शाळेला सुट्टी टाकून मीही त्यांच्याबरोबर पडद्यासमोर बसलो. ती खूण एकाच ठिकाणी सापडली. पावसाळ्यातली दुपार होती. नर्मदा ती खूण करते, जमनाबाय तिच्याकडे बघून हसते, तिच्या गुडघ्यावर हात ठेवते आणि दोघी पुन्हा कामाला लागतात. अर्थ सांगायचं जमनाबायला सुचलं नव्हतं आणि त्या दिवशी बाई कॅमेऱ्याची बॅटरी बदलत असल्यामुळे त्यांनी विचारलंही नव्हतं. बाईंनी तो तुकडा किती वेळा बघितला असेल. जमनाबायचं हसू बघून अर्थ काढायला त्या पडद्याच्या अगदी जवळ जाऊन बसत.

मग आम्ही माणसाला सुचेल ते सगळं केलं. दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी हात, छाती, पोट तपासलं, फोटो काढले आणि म्हणाले, वयाच्या मानानं ठीक आहे. परिचारिका मल्याळी, वॉर्डबॉय बिहारचा, डॉक्टर गुजरातकडचे, तिथं चार भाषा चालू होत्या आणि नर्मदा मध्ये बसून त्या सगळ्यांना आळीपाळीनं ती खूण करून दाखवत होती. मग ठाण्याहून बहिऱ्यांच्या शाळेतल्या एक शिक्षिका आल्या. त्यांच्या खुणा वेगळ्या, नर्मदेच्या वेगळ्या. नर्मदेनं त्यांचं सगळं आदरानं पाहून घेतलं, त्यांना पाणी दिलं आणि आपली खूण करून दाखवली. त्या शिक्षिकांनी नकारार्थी मान हलवली.

मी म्हटलं, तिला घिवलीला न्यावं. नेलं. बंद घर उघडलं. तिनं चूल पाहिली, वलांडीच्या बांबूंवरून हात फिरवला, समुद्राकडे बराच वेळ बघत उभी राहिली. आम्ही एकेक वस्तू उचलून विचारत होतो, हे? हे का? बहिणीचं लुगडं, दादाचा फोटो, जाळं, टोपल्या. हरेशनं तर फळीवरचा पत्र्याचा डबासुद्धा उघडून दाखवला. नर्मदेनं प्रत्येक गोष्टीकडे पाहून नकार दिला. शेवटी ती हरेशच्या पाठीवरून हात फिरवून, आपणच त्याची समजूत घालत, रिक्षात जाऊन बसली.

त्या दिवशी घरी आल्यावर बाई ओसरीवर बसल्या त्या उठेचनात. आईनं चहा दिला, तो निवून गेला. मग म्हणाल्या, "सर, मी तिचे शब्द गोळा केले. मला वाटलं भाषा हातात आली. भाषा त्या दोघींच्या मध्ये होती हो. त्यातली एक बाजू गेली, तिथंच ती पडली." आंब्याखाली सातभाई ओरडत होते. बाईंचं तिकडे लक्ष नव्हतं.

पुढे नर्मदेचे हात कमी कमी चालू लागले. आधी गोष्टी सांगणं गेलं, मग विचारणं गेलं. हात मांडीत घेऊन ती बसून राहायची. बाई आता दिवसाआड सालवडला जात. संस्थेनं बोलावलं, त्यांनी कळवलं की येत नाही. उन्हाळ्यात नर्मदेनं अंथरूण धरलं. एक दिवस मीही बरोबर होतो. तिनं बाईंचा हात ओढून घेतला. दोन बोटं धरून मनगटावर ठेवली, कोपरापर्यंत नेली, मूठ मिटवली, उघडली. बाईंचा अंगठा आत राहिला होता, तो तिनं बाहेर काढला. पुन्हा करून घेतलं. पुन्हा. बाईंना ते नीट जमेपर्यंत तिनं सोडलं नाही. जमलं तेव्हा तिनं मान हलवली, हसली आणि कुशीवर वळून झोपी गेली. त्या आठवड्यातच ती गेली.

घिवलीच्या किनाऱ्यावर तिला अग्नी द्यायच्या आधी हरेश बाईंजवळ आला. "बाई, आत्याला तिच्या भाषेत निरोप द्या. आमाला कुनाला येत नाय."

बाई पुढे झाल्या आणि थांबल्या. आम्ही सगळे वाट बघत होतो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "सर, त्यांच्याकडे निरोपाचा शब्द नाही. दोघी कधी वेगळ्या झाल्याच नाहीत. तो शब्द करायची वेळच आली नव्हती." मग त्यांनी मनगटावर दोन बोटं ठेवली आणि नर्मदेनं शिकवली होती तशी, अंगठा बाहेर ठेवून, ती खूण पुरी केली.

बायका रडू लागल्या. हरेशनं बाईंचे हात धरले. "बरं झालं बाई. एक तरी मानूस तिच्याशी बोललं." बाई त्याचे हात धरून उभ्या राहिल्या.

महिन्याभरात त्यांनी खोली सोडली. सामान फारसं नव्हतंच. आईनं बोंबिलाचं पुडकं दिलं, बायकोनं डोळे पुसले, मी टॅक्सीचं दार लावलं. आता त्या नाशिकला भावाकडे असतात. पाखरांचं काम विद्यार्थ्यांकडे सोपवलं आहे. नर्मदेबद्दल त्यांनी अजून काही लिहिलेलं नाही. संस्थेची माणसं मला फोन करून विचारतात, बाईंना जरा समजावा, एवढं दुर्मीळ काम आहे. मी बरं म्हणतो आणि समजावत नाही.

मागच्या आठवड्यात त्यांचा फोन आला होता. आईची चौकशी झाली, शिकवणीची झाली. मग त्या म्हणाल्या, "सर, ती खूण मी रोज एकदा करते. सकाळी, चहा झाल्यावर. हात विसरायला नकोत."

मी विचारलं, "काही सुचतं का, काय असेल?"

"पूर्वी वाटायचं सुचेल. आता ते सोडून दिलं," बाई म्हणाल्या. "आता भीती एवढीच वाटते की मी गेल्यावर ती कोण करणार. सर, पुढच्या महिन्यात नाशिकला या. तुम्हाला शिकवून ठेवते."

मी येतो म्हणालो. तिकीट काढलं आहे.